वहिनींची पहिली तपासणी

वहिनी,

जी गोष्ट तुमच्यासमोर बसून सांगायला हवी होती, ती मी वर्षानुवर्षं टाळली. निमित्तं मिळत गेली. आधी तुमचे उपचार चालू होते, मग तुम्ही जरा सावरला होता, मग दिवाळी होती, मग दादाचा गुडघा, मग पुन्हा तुमचंच दुखणं. आता तुम्हीच गेलात. निमित्त उरलं नाही म्हणून लिहायला बसलोय. माणूस गेल्यावर लिहून मोकळं होणं हा भेकडपणाच, हे मला कळतं.

परवा रक्षाविसर्जनाला सगळी भावकी जमली होती. तुम्ही सांगून ठेवल्याप्रमाणे रक्षा नदीत सोडली नाही, विहिरीकडच्या आंब्याच्या बुडात घातली. मग दोघंतिघं बोलायला उभे राहिले. तुमचे थोरले चुलतदीर म्हणाले, "वैनीनं एवढी वर्सं काढली ती डाक्टरांच्या जिवावर. घरातच डाक्टर असल्यावर यमालाबी दारात थांबाय लागतंय." माणसांनी माना डोलावल्या. दादानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी हात जोडून उभा राहिलो, कारण हातांचं दुसरं काय करायचं ते सुचेना. बायकांच्या घोळक्याच्या कडेला गौरी उभी होती. माझी विद्यार्थिनी, नंतर माझ्याच लॅबमधली डॉक्टर. एवढ्या माणसांत ते वाक्य खोटं आहे हे फक्त आम्हा दोघांना माहीत होतं. तिनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

तुम्ही लग्न होऊन आलात तेव्हा मी शाळेत होतो आणि आमची आई जाऊन फार दिवस झाले नव्हते. घरात दोन पुरुष आणि एक म्हैस. त्या घराला पुन्हा वेळेवर जेवायची सवय तुम्ही लावलीत. पुढं मी कोल्हापूरला शिकायला गेलो तसा तुमचा डबा रोज सकाळच्या एसटीनं यायचा. फाट्यावर उभं राहून तो कंडक्टरच्या हातात देताना तुम्ही त्याला दम भरायचात: "आमटी सांडली तर उद्या गाडी पुढं जाऊ द्यायची न्हाय पावणं, सांगून ठेवते." तो कंडक्टर स्टँडवर मला शोधून डबा द्यायचा आणि म्हणायचा, "घे बाबा, तुझ्या वैनीपेक्षा डेपो मॅनेजर बरा." भाकरी, खर्डा, दह्याची वाटी. बरोबरची पोरं माझ्या डब्यावर टपून असायची. मी डॉक्टर झालो त्यात निम्मी ती भाकरी आहे.

पण झालो तो असला डॉक्टर, की तुमची निराशाच झाली. "डाक्टर झालासा आणि कुणाच्या नाडीला हात लावंना झालासा. नुसतं काचंत बघत बसायचं?"

"काचेत बघूनच सांगतो वहिनी, कुणाला काय झालंय ते."

"मग ज्योतिषी झालासा म्हणा की! पंचांग तरी आणून देऊ का?"

हे तुम्ही पाहुण्यारावळ्यांत सांगायचात आणि हसायचात. पण कुणी दुसऱ्यानं हसलेलं तुम्हाला खपायचं नाही. लगेच म्हणायचात, "हसतासा काय? मोठंमोठं डाक्टर आमच्या भावजींच्या सहीबिगर सुरी उचलत न्हाईत." ही सही तुमच्याच वाट्याला कशी आली, तेच आता सांगायचं आहे.

कोडोलीला बायकांच्या तपासणीचं शिबिर घ्यायचं मीच काढलं. गर्भाशयाच्या तोंडाचा कर्करोग आधीच्या पायरीवर सापडतो, तिथंच थांबवता येतो, आणि तरी आमच्याकडे येणाऱ्या बायका शेवटच्या पायरीवर येत होत्या. शाळेची खोली मिळाली, पडदे लावले, नर्स आल्या, गौरी आली. बाई मात्र एक येईना. मग तुम्ही पदर खोचून पुढं झालात. आधी मला हाकललंत: "भावजी, तुमी भायर बसा. दिराच्या देखत असली तपासणी? काय रीत हाय का न्हाय?" मी शाळेच्या पायरीवर जाऊन बसलो. थोड्या वेळानं तुम्ही बाहेर आलात आणि मैदानात जमलेल्या बायकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालात, "एवढंच व्हय! नुसतं पुसून घेत्यात. ह्येच्यापरीस दातवाला जास्त तरास देतोय." त्यानंतर रांग लागली. तपासणीला नावही तुम्हीच दिलंत, पुसायची तपासणी. आम्ही इंग्रजी नावं घेऊन थकलो होतो. गर्भाशयाच्या तोंडावरून पेशी पुसून घ्यायच्या, काचेवर पसरायच्या, रंगवायच्या आणि बघायच्या. तुमचं नाव आमच्या नावापेक्षा बरोबर होतं.

आत पडद्यामागं गौरीला तुम्ही अजून एक सांगितलं होतंत. पाळी जाऊन वर्षं झाली तरी अंगावरून मधूनच डाग दिसतोय. ते तुम्ही घरी कुणालाच बोलला नव्हता.

त्या आठवड्यात गौरी एक काच घेऊन माझ्या टेबलाशी आली. "सर, कोडोलीच्या शिबिरातली आहे. कर्करोग म्हणत नाही मी, पण त्याच्या लगेच आधीची पायरी वाटते. बघता?" मी काच हातात घेतली, कोपऱ्यावर तुमचं नाव होतं. आपल्या माणसाची काच आपण बघू नये असा आमच्यात संकेत आहे. नजर आधीच एका बाजूला झुकलेली असते. मला तो संकेत ठाऊक होता, मी तो शिकवायचो. तरी मी ती बघितली आणि गौरीला म्हणालो, "वयामुळं सुकलेल्या पेशी असतील. तुकडा काढून घेऊ."

पुसायच्या तपासणीत शंका आली की दुर्बिणीतून तिथली त्वचा बघतात आणि चिमट्यानं तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा काढतात. ती तुकड्याची तपासणी. गौरीनं फोन करून समजावल्यावर तुम्ही तयार झालात, पण अट घातलीत: "तुकडा भावजींनीच बघितला पायजे. दुसऱ्या कुणाचं मी मानणार न्हाय." मी म्हणायला हवं होतं की वहिनी, मीच बघू नये, पुण्याला पाठवू. पण बरं वाटलं मला. आयुष्यभर ज्योतिषी म्हणून चिडवलेल्या दिराच्या हातात तुम्ही आपला जीव दिला होतात. तो मान मला सोडवला नाही.

आता यातली आमची रीत सांगतो, कारण सगळं त्यातच आहे. पेशी एक सांगतात आणि तुकडा दुसरंच सांगतो, असं झालं तर दोन्ही काचा शेजारी ठेवून पुन्हा बघायच्या. तुकड्यात काही नाही म्हणजे बाईला काही नाही, असं धरायचं नाही. आधी विचारायचं, हा तुकडा कुठला? रोग जिथं असेल तिथला आहे का? वय झालेल्या बाईत तो बदल वर दिसत नाही, गर्भाशयाच्या तोंडातून आत नळीत सरकलेला असतो. चिमटा बाहेरूनच तुकडा घेऊन आला तर तो निरोगी दिसणारच. अशा वेळी 'दोन्ही जुळत नाहीत, आतून पुन्हा नमुना घ्यावा' असं लिहून पाठवायचं. किती अनोळखी बायकांच्या कागदांवर मी हे वाक्य लिहिलं असेन.

तुमचा तुकडा मी बघितला. सूज होती, बाकी काही नव्हतं. वहिनी, तेव्हा मला इतका आनंद झाला, की त्या आनंदात मी तिथंच थांबलो. पुढचा प्रश्न मी विचारलाच नाही.

तो गौरीनं विचारला. "सर, जुळत नाही."

"तुकडा जास्त खात्रीचा असतो, गौरी."

"तुकड्यात सापडलं तर खात्रीचा. नाही सापडलं तर? ह्यात आतल्या नळीचा भागच आलेला नाही. बघा ना तुम्ही."

"त्या काचेतल्या पेशी सुकलेल्या आहेत. भल्याभल्यांना फसवतात."

"मग आतून खरवडून घेऊ एकदा. मी फसलेय की तुकडा, कळेल तरी."

"साठीच्या बाईला उगाच पुन्हा टेबलावर घालायचं?"

तिनं दोन्ही काचा माझ्यापुढं सरकवल्या. मग म्हणाली, "सर, राग मानू नका. त्या तुमच्या वहिनी नसत्या तर?"

"तरी हेच लिहिलं असतं," मी म्हणालो. मोठ्यानं म्हणालो. बाहेरच्या खोलीतली माणसं बोलायची थांबली इतकं मोठ्यानं. आणि सही केली.

फोनवर तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही पलीकडे रडलात. मी तुम्हाला आधी रडताना ऐकलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी पेढे घेऊन तुम्ही आणि दादा लॅबवर हजर. येत्या रविवारी जोतिबाला जायचं, नवस बोलले होते मी नाथाला, म्हणालात. मला नाही म्हणता येईना. डोंगरावर तुम्ही मुठीमुठीनं गुलाल उधळलात, 'चांगभलं' म्हणताना तुमचा आवाज चिरकला, आणि मग उरलेला गुलाल तुम्ही माझ्या कपाळाला फासलात. "देवाच्या आदी ह्यास्नी लावाय पायजे हुता," दादाला म्हणालात. वहिनी, तो गुलाल कानामागून निघायला दोन-तीन अंघोळी लागल्या. सोमवारी लॅबमध्ये गौरीनं तो बघितला आणि पेढ्याच्या खोक्यातला पेढा न घेता पुढं गेली. मला तिचा फार राग आला.

तुमचा राग तर त्याहून मोठा. तुम्ही तिला फोन केलात तेव्हा मी शेजारच्या खुर्चीवर होतो. फोन तिच्या कानाला होता, पण कोडोलीचा आवाज लपतोय कुठं!

"काय गं पोरी, एवढी शिकलीस आणि बायकास्नी घाबरं करतीस? माज्या घरात नीट चूल पेटली न्हाय. माझा नवरा जेवंना झालता. काय मिळालं तुला?"

"काकू, सॉरी. पण अंगावरून पुन्हा काही दिसलं तर मला लगेच फोन करा."

"तुला कशाला करू? माझा दीर डाक्टर हाय."

गौरीनं फोन ठेवला. मी तिच्याकडे बघत होतो. एका वाक्यानं मला तिची सुटका करता आली असती. मी पुढची काच मायक्रोस्कोपखाली घातली.

पुढच्या वर्षी पुन्हा शिबिर घेतलं तर शाळेच्या मैदानात कावळे. शिबिरातल्या ताई घरोघर गेल्या, तर बायका म्हणाल्या, "वैनींचं काय निघालं? सूज. आमचीबी सूजच असंल की. कशापायी जिवाला घोर?" तुम्ही ज्यांना ओढून आणलं होतंत, त्यांना माझ्या सहीनं घरी बसवलं. त्यांतल्या कुणाचं पुढं काय झालं ते मला माहीत नाही. माहीत नाही, कारण मी शोध घेतला नाही.

आणि तुम्हाला डाग दिसतच होते. ते तुम्ही लपवलेत, भीतीनं नव्हे, विश्वासानं. भावजींनी बघितलंय म्हटल्यावर ते काही नसणारच. दीडेक वर्षानं दादाचा फोन आला, "तुझी वैनी कंबर धरून बसलीया आणि मला कायबी सांगंना," तेव्हा तुम्हाला आणलं. डॉक्टरांना तपासताना उघड्या डोळ्यांनी दिसलं. त्यासाठी माझ्यासारख्या काचेवाल्याची गरजच नव्हती.

त्याच आठवड्यात गौरीनं तुमच्या दोन्ही जुन्या काचा काढून आणल्या. आमच्याकडे एक मायक्रोस्कोप आहे, त्याच्यात दोघांना एकाच वेळी बघता येतं. मी एका बाजूला, ती दुसऱ्या बाजूला. आधी पेशींची काच. गडद, वेड्यावाकड्या केंद्रांच्या, एकमेकींना चिकटलेल्या. सुकलेल्या पेशी अशा नसतात. पहिल्या वर्षाचा विद्यार्थी चुकला असता तर मी त्याला ओरडलो असतो. मग तुकडा. बाहेरच्या त्वचेची नीटस पट्टी, आणि नळीचा भाग कुठंच नाही. दोन्ही काचा तेव्हाही हेच सांगत होत्या. पेशी 'आहे' म्हणत होत्या, आणि तुकडा 'नाही' म्हणतच नव्हता. तो फक्त 'मी तिकडचा नव्हे' म्हणत होता.

गौरीनं दोन्ही काचा खोक्यात परत ठेवल्या. मग म्हणाली, "सर, काकूंना तुम्ही सांगाल की मी सांगू?"

"मी सांगतो."

वहिनी, तुमचं माहेर शाहूवाडीकडचं, भाताच्या मुलखातलं. मी लहान असताना तांदूळ आणायला तुमच्याबरोबर पिशव्या धरायला यायचो. दुकानदार ओंजळभर तांदूळ काढून पुढं करायचा. तुम्ही तिकडं बघायचासुद्धा नाहीत. बांगड्या वर सारून कोपरापर्यंत हात पोत्यात घालायचात आणि तळचा तांदूळ वर काढायचात. "वरचा त्यो दावतोय, तळचा आपुण खातोय." माझी सगळी चूक ह्या एका वाक्यात तुम्हाला सांगता आली असती. मी वरच्या ओंजळीवर पोतं घेतलं वहिनी, एवढंच म्हटलं असतं तरी तुम्हाला क्षणात कळलं असतं. अवघड काहीच नव्हतं. म्हणूनच सांगायची भीती होती.

मग लाईट, म्हणजे किरणांचे उपचार, सुरू झाली. त्या दिवसांत तुम्ही आमच्याकडेच राहायला होतात. सकाळी लाईट घेऊन यायचात आणि दुपारी गॅलरीत पाय पसरून काहीतरी सोलत बसायचात. गप्प बसणं तुम्हाला जमायचं नाही. एकदा पावटा सोलता सोलता, वर न बघता विचारलंत:

"भावजी, एक इचारू? मग त्या पोरीची पुसायची तपासणी खरी हुती म्हणायची का?"

असा प्रश्न माणसाला आयुष्यात एकदाच इतक्या सोप्या शब्दांत विचारला जातो. उत्तर एका शब्दाचं होतं. मी म्हणालो, "नाही वहिनी. तेव्हा काही नव्हतं. हे नंतर झालं."

तुम्ही सुस्कारा सोडलात. "मग बरं. मला वाटलं, मी उगंच तोडून बोलले पोरीला." दोन शेंगा सोलून झाल्यावर म्हणालात, "न्हाय पर, खोटं निघालं तरी तिनं काळजीपोटीच सांगितलंतं. मी बोलले ते काय बरं न्हाय. एकदा आणा की तिला कोडोलीला. चांगलं जेवाय घालते."

"आणतो," मी म्हणालो.

आधीच्या चुकीला मी कधी कधी चूक म्हणून सोडून देतो. आनंदानं आंधळा झालो, आपलं माणूस होतं, माणूस चुकतो. पण गॅलरीतलं हे वाक्य चूक नव्हतं. ते मी नीट विचार करून बोललो. आणि त्यानं फक्त माझी अब्रू वाचली असं नाही. तुमची माफी मी अडवून धरली. तुम्हाला त्या पोरीची माफी मागायची होती आणि मी सांगितलं, गरज नाही.

त्यानंतर कोडोलीला यावं तेव्हा तुमचा एकच प्रश्न. "पोरीला आणलं न्हाईसा?" ती सुट्टीवर आहे. तिला पोर झालंय. लॅबमध्ये माणूस नाही. एकदा तर म्हणालो, ती मटण खात नाही. "मग पुरणपोळी करते! ह्यात काय अडतंय?" अडत होतं ते हे, की तुमच्यासमोर ताटावर बसून गौरी खोटं बोलली नसती. तीही मला विचारायची, सुरुवातीला दर पंधरवड्याला, "सांगितलंत का, सर?" मग महिन्यांनी. मग विचारणं थांबलं. ती स्वतः सांगू शकली असती. मी 'मी सांगतो' म्हणालो होतो म्हणून ती थांबली. माझा मान राखणारी माणसं मला फार भेटली, वहिनी.

लाईटनं रोग दबला, पण तुम्हाला भाजून गेला. लघवीचा त्रास, आतड्याचा त्रास, लग्नकार्याला जाणं बंद, एसटीत बसणं बंद. ज्या बाईनं एसटी अडवून धरायची धमकी दिली, तिला दाराबाहेर पडताना आधी मोरी कुठं आहे ते विचारावं लागायचं. तुम्ही तक्रार केली नाहीत. उलट आल्यागेल्याला सांगायचात, "भावजी हुतं म्हणून मी हाय." मी म्हणायचो, "तसं काही नाही वहिनी, खरंच नाही." आणि तुम्ही कौतुकानं म्हणायचात, "बघा, एवढा मोठा डाक्टर, पर जरा म्हणून मिजास न्हाय." मी खरं बोललो की तो माझा नम्रपणा ठरायचा. आपला हा वाद कधी मिटलाच नाही.

तेव्हाच आतून नमुना घेतला असता तर? बहुतेक ती आधीचीच पायरी सापडली असती, आणि तेवढा भाग शंकूसारखा कापून काढून तुम्ही चार दिवसांत कोडोलीला परत गेला असता. कदाचित तेव्हाच उशीर झालेला असता. मला माहीत नाही. एवढं आयुष्य काचा बघण्यात गेलं, पण हे सांगणारी काच कुठं नाही.

यंदा ते परत आलं, तेव्हा कुणाच्याच हातात काही उरलं नव्हतं. दुखणं कमी करायची औषधं आणून देणं, एवढंच माझं डॉक्टरपण. शेवटच्या वेळी आलो तेव्हा मी ठरवून आलो होतो. वाटभर एक वाक्य पाठ करत होतो. तुम्ही माजघरात पलंगावर होता, अंगाचं पाखरू झालेलं. दादा उशाशी होता. मी त्याला म्हणालो, "दादा, जरा बाहेर थांबतोस?" तो उठून गेला. मी खुर्ची जवळ ओढली आणि म्हणालो, "वहिनी, एक सांगायचं राहिलंय."

तुम्ही डोळे उघडलेत. औषधानं तुम्ही कुठं होता कोण जाणे. माझ्याकडे बघितलंत आणि विचारलंत, "डबा पोचला का?"

"पोचला, वहिनी."

"आमटी सांडली न्हाय न्हवं?"

"नाही सांडली."

"मग खावा की. निवून जाईल," म्हणालात आणि डोळे मिटलेत. मी खुर्चीत बसून राहिलो. तुम्ही त्या डब्याच्या दिवसांत पोचला होता, आणि तिथं मी कॉलेजातला पोरगा होतो, अजून एकही काच न बघितलेला. तिथून तुम्हाला परत ओढून आणून ते सांगायचं, हे मला जमलं नाही. याला माया म्हणावं की पुन्हा निमित्त, मला ठरवता येत नाही. दादा आत आला तेव्हा म्हणाला, "काय सांगायचं हुतं?" मी म्हणालो, "काही नाही. औषधाचं."

तुम्ही जेवायला बोलावलेली गौरी शेवटी कोडोलीला आली ती अशी, रक्षाविसर्जनाला. तुमच्या सुनेनं तिला चहा दिला आणि विचारलं, तुम्ही कोण? ती म्हणाली, "सरांची विद्यार्थिनी." ओसरीवर भिंतीला टेकून तिनं तो चहा प्यायला. परत येताना ती माझ्याच गाडीत होती. पंचगंगेचा पूल ओलांडल्यावर म्हणाली, "आता कुणाला सांगणार, सर?"

मी म्हणालो, "दादाला."

हा मजकूर मी रविवारी दादाला वाचून दाखवणार आहे. त्यानं तो खांद्यावरचा हात काढून घेतला तर तो त्याचा हक्क आहे. मग त्याची हरकत नसेल तर त्याच शाळेच्या खोलीत, ज्या बायका तुमच्या मागं रांगेत आल्या आणि माझ्या सहीमुळं घरी बसल्या, त्यांना सांगेन, की वैनींची पहिली तपासणी खोटी निघाली नव्हती. त्यांनी ऐकलं तर ऐकलं. कुणी आली तर गौरी आहे.

पण दादाला सांगणं म्हणजे तुम्हाला सांगणं नव्हे, हे मला कळतं. पाठ केलेलं वाक्य अजून तोंडात तसंच आहे. त्याला दुसरीकडे कुठं न्यायची सोय नाही, म्हणून इथं ठेवतो.

वहिनी, त्या पोरीची तपासणी खरी होती. तुम्ही विचारलंत तेव्हा मला माहीत होतं, आणि मी नाही म्हणालो. माझं चुकलं.